सोलापुरात सायकलवर कामाला निघताना

सायकल ट्रॅक झाला की सायकल काढू, असं म्हणत थांबलात तर सायकल जिन्याखालीच गंजून जाईल. स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरचं नाव जानेवारी २०१६ मध्ये लागलं, त्यानंतर काही रस्ते खरंच सुधारले. पण घराच्या दारापासून कामाच्या गेटपर्यंत सायकलसाठी राखलेला सलग पट्टा बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. तेव्हा आपला पट्टा आपणच आखायचा. कुठल्या गल्लीनं जायचं, किती वाजता निघायचं आणि रस्त्याच्या नेमक्या कुठल्या भागातून चालवायचं, एवढं ठरवलं तरी निम्मं काम झालं.

गावाची एक बाजू आपल्याला धार्जिणी आहे. सोलापूर सपाट आहे. रेल्वेचे पूल सोडले तर दम लागावा असे चढ फारसे नाहीत. जुळे सोलापूर ते स्टेशन किंवा सात रस्ता ते अक्कलकोट रोड एमआयडीसी ही अंतरं पाच-सहा किलोमीटरच्या आसपासची. साधी सायकल आरामात तासाला १२ ते १५ किलोमीटर जाते, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत पोचता. स्कूटरला सिग्नल, कोंडी आणि पार्किंग धरून किती वेळ लागतो, तो एकदा घड्याळ लावून बघा.

आणि हे काही नवं फॅड नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून लक्ष्मी-विष्णूपर्यंत गिरण्यांची पाळी या गावात सायकलवर भरायची आणि सायकलवर सुटायची. आजही पूर्व भागातले लूम कामगार, सेंट्रिंगवाले, दूधवाले सायकलवरच दिसतात. रस्ता विचारायचा तर त्यांना विचारा. कुठली गल्ली पुढं बंद आहे, कुठल्या बोळात कुत्री अंगावर येतात, हे मोबाइलच्या नकाशाला ठाऊक नसतं.

आधी रस्ता ठरवा, सायकल नंतर

नवखा माणूस गर्दीला भितो. नवी पेठ, मधला मारुती, टिळक चौक म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो. खरं तर तिथं धोका कमी, वैताग जास्त. गर्दीत कुणाला वेगच नसतो, धक्का लागला तर फार तर शिव्या बसतात. भिण्यासारखे रस्ते म्हणजे रुंद आणि मोकळे: विजापूर रोड, होटगी रोड आणि शहराला लागून गेलेला पुणे-हैदराबाद महामार्ग. तिथं मागून येणारं वाहन तुमच्या चौपट वेगात असतं. पहिले काही आठवडे अशा रस्त्यांवर कमीत कमी राहायचं, एवढाच नियम धरा. कॉलनीतले समांतर रस्ते शोधा. अर्धा-एक किलोमीटर जास्त पडला तरी पडू दे.

रेल्वेलाइन शहराला चिरून जाते, त्यामुळं पलीकडं जायचं तर पूल किंवा बोगदा चुकत नाही. आसरा पुलासारख्या जागी रस्ता आवळतो आणि मागचे हॉर्न वाढतात. पुलावर चढण्याआधीच मागं बघून लेनमध्ये नीट जागा घ्या आणि पूल संपेपर्यंत ती सोडू नका. कडेला कठड्याला चिकटून गेलात तर मागच्याला वाटतं, जागा आहे, घुसता येईल. तेच टाळायचंय. हिंमत होत नसेल तर उतरा आणि पूल चालत पार करा.

दिशेचाही विचार करा, हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. घर जुळे सोलापुरात आणि काम अक्कलकोट रोडला असेल तर सकाळी तुम्ही पूर्वेकडं जाता, ऊन थेट डोळ्यांत. संध्याकाळी परत येताना पश्चिमेकडं, पुन्हा ऊन डोळ्यांत. तुम्हाला टोपीच्या झापेनं भागवता येतं, पण तुमच्या मागच्या टेम्पोवाल्यालाही समोरचं नीट दिसत नसतं. अशा वेळी भडक रंगाचा शर्ट आणि मागचा चालू दिवा दिवसासुद्धा कामाला येतो. शक्य असेल तर सकाळी अर्धा तास आधी निघा. सूर्य चुकत नाही, पण ट्रॅफिक चुकतं. पावसाळ्यात यात वाऱ्याची भर पडते. जून-जुलैत तो पश्चिमेकडून असा सुटतो की जाताना वाटतं आपण फारच तयारीचे झालो, आणि येताना भ्रम उतरतो.

ठरवलेला रस्ता एका रविवारी सकाळी सावकाश फिरून बघा. उघडी चेंबरं, रंग उडालेले स्पीडब्रेकर, शाळेची गेटं लक्षात ठेवा. मग कामाच्या दिवशी, नेमक्या कामाच्या वेळी, पण कामाला उशीर होणार नाही अशा बेतानं एकदा करून बघा. रविवारचा सात रस्ता आणि सोमवारचा सात रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला गड्डा यात्रा असते. तेव्हा होम मैदान, सिद्धेश्वर मंदिर आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे रस्ते आपल्या मार्गातून काढून टाका, किंवा हातात सायकल धरून निवांत चालत जा.

सायकल कसली हवी

घरात जुनी असेल तर तीच चालेल. सपाट गावात गिअर नसले तरी अडत नाही. नवी घेणार असाल तर दुकानातल्या जाडजूड टायरच्या, पुढं शॉकॲब्सॉर्बर लावलेल्या सायकलीवर भाळू नका. जड असते, आणि अशा बऱ्याच सायकलींना मडगार्ड, कॅरियर, स्टँड काहीच नसतं. कामाला जाणाऱ्याला नेमक्या याच तीन गोष्टी लागतात. मडगार्ड नसेल तर पहिल्या पावसात शर्टाच्या पाठीवर काळ्या मातीची उभी रेघ उठते आणि ती साबणाला दाद देत नाही.

सीटची उंची बघायची रीत सोपी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. म्हणजे चवड्यानं चालवताना तो किंचित वाकलेला राहतो. बहुतेक लोक सीट फार खाली ठेवतात, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. मग आठवड्यात गुडघे बोलायला लागतात आणि दोष सायकलीला जातो.

जुनी सायकल बाहेर काढलीत तर सरळ मिस्त्रीकडं न्या, आणि सोडून येऊ नका, तिथंच उभे राहा. पूर्व भागात अजून जुन्या हाताची दुकानं आहेत. "अण्णा, मागचं चाक आउट झालंय, बघा की जरा" म्हटलं की ते सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करतील. चाक जोरात फिरवून रिमपाशी खडू धरतील. जिथं रिम बाहेर येते तिथंच खडूची रेघ उमटते. मग त्याच जागेच्या, पण हबच्या दुसऱ्या बाजूनं येणाऱ्या तारा छोट्या पान्यानं पाव-पाव वेढा आवळायच्या, पुन्हा फिरवायचं, पुन्हा खडू. रेघ सलग, चारी बाजूंनी सारखी आली की चाक सरळ. हे एकदा डोळ्यांनी बघितलंत की पुढं तार सैल झाल्याचा आवाज तुम्हाला चालवतानाच कळेल.

रोज निघण्याआधी तीन गोष्टी बघा, मिनिटभराचं काम. दोन्ही ब्रेक एकेक दाबून सायकल पुढं ढकलून बघा, चाक जाम व्हायला हवं. टायर अंगठ्यानं दाबा. आणि घंटी वाजवा, कारण आपल्या गावात घंटी ब्रेकइतकीच लागते. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर पीएसआयमध्ये छापलेलं असतं. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्ह ट्यूबला पेट्रोल पंपाचं नोझल बसत नाही. नव्या सायकलींच्या ट्यूबला बहुधा बसतं, पण ते मशीन मोटारींच्या हिशेबाचं, क्षणात ट्यूब फोडतं. थोडी थोडी भरा, किंवा घरी हातपंप ठेवा.

रस्त्यावर आपली जागा

सगळ्यांत महत्त्वाचं इथं आहे, म्हणून जरा सविस्तर.

अगदी कडेनं चालवू नका. कडेला वाळू असते, काचा असतात, चेंबरच्या जाळ्या असतात, आणि तिथून उजवीकडं सरकायची वेळ आली की मागच्याला ते अचानक वाटतं. कडेपासून साधारण हातभर-दीड हात आत राहा आणि सरळ रेषेत चालवा. मोटारी उभ्या असतील तर त्यांच्यापासून एका उघड्या दाराइतकं अंतर हवंच. दोन उभ्या मोटारींच्या मधल्या रिकाम्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येणं, हा नवख्यांचा आवडता उद्योग. सौजन्य म्हणून करतात, पण मागच्या माणसाला तुम्ही एकदा दिसता, एकदा नाहीसे होता. सरळ चालणारा सायकलवाला दिसत राहतो, आणि दिसत राहणं हेच आपलं चिलखत.

रिक्षा ओळखायला शिका. पुढं चाललेल्या रिक्षाकडं बघू नका, रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाकडं बघा. त्यानं हात वर केला की ती रिक्षा तुमच्या पुढ्यात डावीकडं येणार आणि तिथंच थांबणार. इंडिकेटरची वाट बघणाऱ्याची ती चूक. तसंच उभ्या रिक्षाचं पुढचं चाक वळलेलं दिसलं तर ती निघण्याच्या बेतात आहे, हे समजा. मागच्या सीटवरचा प्रवासी सुट्टे पैसे शोधत असेल तर अजून वेळ आहे, पण तो उतरणार तुमच्याच बाजूला.

राँग साइडनं येणारे दुचाकीवाले ही दुसरी डोकेदुखी. ते बरोबर आपल्याच कडेनं समोरून येतात. त्यांना बघून झटकन उजवीकडं हँडल मारणं घातक, कारण उजवीकडून मागची वाहनं येत असतात. वेग कमी करा, घंटी द्या, लागलं तर पाय टेकून थांबा. तो जाईल बाजूनं, त्याला घाई असते. मागं वळून बघितल्याशिवाय उजवीकडं बोटभरही सरकायचं नाही. आणि आपण स्वतः पन्नास मीटरसाठीसुद्धा राँग साइड घ्यायची नाही. "सायकल तर आहे, काय होतंय" हे वाक्य दवाखान्यात फार ऐकू येतं.

वळायचं असेल तर हात लांब करून दाखवा. आधी मागं बघा, मग हात, मग वळण, हा क्रम मोडू नका. दोन्ही कानांत हेडफोन नकोत. मागून येणारी गाडी आपल्याला आधी कानांनी कळते.

चौक

सात रस्त्यासारख्या ठिकाणी सात बाजूंनी माणसं येतात आणि प्रत्येकाला वाटतं आपलाच सिग्नल सुटलाय. चौकात शिरण्याआधी आपल्याला बाहेर पडायचा रस्ता डोळ्यांनी पक्का करा. मधोमध गेल्यावर ठरवू म्हणणाऱ्याचा मामा होतो.

उजवीकडं वळायचं असेल तर नव्या माणसानं मधल्या लेनमध्ये जायच्या भानगडीत पडू नये. दोन टप्प्यांत जा. आधी डाव्या बाजूनं सरळ चौक ओलांडा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबा, सायकल वळवून घ्या आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की त्यांच्याबरोबर निघा. मिनिटभर जास्त जातो, पण आडव्या येणाऱ्या वाहनांची भीती राहत नाही. तेही जमत नसेल तर पादचारी व्हा. सायकल हातात धरून झेब्रा क्रॉसिंगवरून जाणाऱ्याला कुणी हसत नाही.

सिग्नलला ट्रकच्या किंवा बसच्या डाव्या बाजूला घुसून थांबू नका. वळताना त्यांची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात आणि कोपरा कापतात. ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. मागं राहा, नाहीतर पुरते पुढं जा.

दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या येतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, आणि मागची ट्रॉली वळणावर हेलकावते. बाहेर आलेली उसाची टोकं थेट तोंडाच्या उंचीवर असतात. ट्रॉली आणि दुभाजक यांच्या मधून पुढं काढायचा मोह आवरा. ती हळू चालते, मान्य. तुम्हीही हळू चाला. रात्री बंद पडलेल्या ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर किंवा दिवा असेलच असं नाही, म्हणून हंगामात अंधार पडल्यावर होटगी रोड, कुमठे या बाजूला वेग निम्मा करा.

पट्टा सापडला तर

नव्या रस्त्यांवर कुठं कुठं सायकलसाठी रंगवलेली किंवा फरशी बसवलेली पट्टी भेटते. मोकळी असेल तर जरूर वापरा. पण डोळे मिटून नाही. पट्टीवर गाडा, उभी मोटार किंवा वाळूचा ढीग येणार हे धरूनच चाला आणि अडथळा वीस-पंचवीस मीटरवर असतानाच मागं बघून बाहेर या. अगदी जवळ जाऊन बाहेर पडलात तर मागचा दचकतो. कायद्यानं सायकलसाठी राखलेल्या मार्गावर मोटार चालवायलाही मनाई आहे आणि लावायलाही. वाद घालायला हे पुरेसं आहे, पण वाद सायकल थांबवून घाला.

माझं स्पष्ट मत असं की, चौकाच्या अलीकडं अचानक संपणारी पट्टी नसलेलीच बरी. ती तुम्हाला कडेला नेते आणि नेमक्या धोक्याच्या जागी एकटं सोडते. अशी पट्टी संपायच्या बरीच आधी आपण रहदारीत मिसळून घ्यावं. पावसात रंगाच्या पट्ट्या आणि लोखंडी झाकणं निसरडी होतात, त्यांच्यावर ब्रेक किंवा वळण घेऊ नका.

ऊन, पाऊस, अंधार

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पार जातो हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही. सकाळची फेरी निभते, प्रश्न दुपारचा आहे. दुपारी बारा ते चार सायकल चालवू नका, पाळी बदलून घेता येत असेल तर घ्या. डोक्याला पांढरं सुती उपरणं ओलं करून बांधा. पाणी निघण्याआधीच प्या, पोचेपर्यंत थांबू नका. घाम येणं बंद झालं, डोकं गरगरलं किंवा मळमळलं तर ताबडतोब सावलीत थांबा, अंगावर पाणी घ्या आणि कुणाला तरी हाक मारा. उरलेला रस्ता रिक्षानं करा. त्या दोन महिन्यांत सायकल आठवड्यातून तीनच दिवस काढली तरी कमीपणा नाही.

पावसात पाण्यानं भरलेला खड्डा किती खोल आहे हे पाणी सांगत नाही, वळसा घाला. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतात, म्हणून अलीकडून हलके हलके दाबत या. घरी गेल्यावर चेन पुसून दोन थेंब तेल सोडा. खोबरेल तेल नको, त्यावर धूळ बसून चिखल होतो.

अंधारात पुढं पांढरा, मागं लाल दिवा हवा. रिफ्लेक्टर समोरच्याचा प्रकाश पडला तरच चमकतो, त्याच्या भरवशावर राहू नका. हेल्मेटची सायकलवाल्याला कायद्यानं सक्ती नाही. तरी घाला.

पोचल्यावर

सायकल कुठं लावायची हे वॉचमनशी आधीच बोलून ठेवा. "काका, ही इथं कोपऱ्यात लावू का?" असं विचारलं की जागा निघते आणि नजरही राहते. कुलूप चाकातून नव्हे, फ्रेममधून आणि न हलणाऱ्या कशातून तरी घाला. बॅग पाठीवर घेऊ नका, कॅरियरला बांधा. पाठ कोरडी राहते. एक शर्ट आणि टॉवेल कामाच्या जागीच ठेवा. टॉवेलची टंचाई या गावात तरी होऊ नये.

पंक्चर

सोलापुरात सायकल म्हणजे काटे आलेच. मोकळ्या प्लॉटमधून शॉर्टकट मारलात की सराटे आणि येडी बाभळ हिशेब चुकता करतात. सुरुवातीला पंक्चर दुकानावर भागवा, पण एक गोष्ट दुकानदाराकडून करून घ्या: ट्यूबला पॅच मारला तरी टायरच्या आतून काटा निघालाय का ते बघायला लावा. स्वतः बघत असाल तर उघड्या बोटानं नको, फडकं फिरवा. काटा असेल तिथं ते अडकतं. काटा तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा गायब, आणि आपण पॅचला नावं ठेवतो. वारंवार होत असेल तर टायर आणि ट्यूबच्या मध्ये लायनरची पट्टी टाकून मिळते. वजन थोडं वाढतं, ढकलत नेण्याचे दिवस कमी होतात.

मागायचं असेल तर नेमकं मागा

महापालिकेकडं अर्ज करताना "सायकल ट्रॅक करा" एवढंच लिहिलंत तर कागद फायलीत जातो. लहान आणि मोजता येईल असं मागा. अमुक चेंबरचं झाकण रस्त्याच्या पातळीला आणा, अमुक जाळीच्या फटी चाकाला समांतर आहेत त्या आडव्या करा, शाळेसमोरचं पार्किंग हलवा. शेवटचं काम वाहतूक शाखेचं, पहिली दोन झोनच्या इंजिनिअरची, म्हणून दोन वेगळे अर्ज करा. सोबत दिवसाउजेडी काढलेला फोटो जोडा आणि पत्त्यात "चौकाजवळ" असं न लिहिता, लगतच्या विजेच्या खांबावर रंगवलेला नंबर असेल तर तो लिहा. माणूस पाठवणाऱ्यालाही जागा सापडते, आणि "जागा मिळाली नाही" असा शेरा मारायला वाव राहत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.